अर्जात न बसलेले

"मग ते कुठं बसतं, मुन्शीजी?" असे म्हणून ती कळफलकावरची बोटे उचलीत असे आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे पाहत राही. भोपाळच्या कचेरीच्या फाटकाबाहेर झाडाखाली अकरा वर्षे आम्ही एका टेबलाशी बसलो. मी लोकांच्या अर्जांचा मजकूर रचावा, तिने तो टाइप करून छापून द्यावा, अशी व्यवस्था होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझा एकही अर्ज आजवर भाषेच्या कारणाने परत आलेला नाही, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

आपणही अशा टेबलापुढे कधी उभे राहिला असाल. माणूस अर्ज सांगायला येतो आणि भलतेच सांगत बसतो. गेलेल्या नवऱ्याच्या पेन्शनच्या थकबाकीसाठी एक वृद्धा आली होती. मध्येच म्हणाली, "चश्मा उन्हीं का लगाती हूँ, बेटा. नंबर नहीं मिलता, पर उतारा नहीं जाता."

मी टाइप करणाऱ्या माझ्या सोबतिणीला खूण केली. "हे अर्जात बसत नाही."

"मग ते कुठं बसतं?"

वृद्धा गेल्यावर तिने बिघडलेल्या छपाईचा एक कागद उलटा केला, ते वाक्य त्यावर लिहिले आणि खणात टाकले. असे कागद साठत गेले. एकदा त्यांतून रचलेले काही तिने मला वाचून दाखवले. मी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "यात मागणी काय आहे?"

ती हसली. "मागणीच नाही."

मागणीवाचून कागद कोण वाचणार, असे मी तिला स्पष्ट सांगितले.

वाचणारे निघाले. दूरच्या एका विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा दोन वर्षांचा एम.ए. शिकवतात. त्यांनी तिचे लेखन पाहून तिला प्रवेश दिला. तिचे वय अडतीस. शुल्काची रक्कम घरात होती, पण ती शहराच्या टोकाला मिसरोदमध्ये घ्यायच्या फ्लॅटसाठी मायलेकींनी मिळून बँकेत ठेवलेली. ठेव मोडायला दोघींच्या सह्या लागत होत्या, आणि आई महिनाभर सही टाळत होती. शुल्काच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, आई आपल्या कार्यालयातून थेट आमच्या टेबलाशी आली.

"चार वाजता बँक बंद होते, आई."

"होऊ दे. चार महिन्यांनी मी रिटायर होते. शिवाजी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून कुठं जाऊ, ते सांग आधी."

"भाड्याची खोली बघू."

"बघू म्हणजे कोण? तू तर तिकडे, दप्तर घेऊन! शुद्ध पागलपणा आहे." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हीच सांगा, मुन्शीजी. तुम्ही कुठं शिकलात लिहायला?"

मी खुर्चीत ताठ झालो. "कुठेही नाही. याच झाडाखाली. फुकट."

"म्हणूनच तर चाललेय," मुलगी म्हणाली.

मला ते लागले. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. बँकेचा अर्ज अर्धा लिहून झाला होता. मी पेन खाली ठेवले. खण ओढून कागदांचा तो गठ्ठा काढला आणि आईपुढे टाकला. "पाहा, यासाठी ठेव मोडायची!" माझा हेतू चांगला नव्हता, हे कबूल करतो.

आईने चष्मा लावला. दोन-तीन कागद भराभर उलटले, आणि एकावर तिचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी क्वार्टरच्या दुरुस्तीचा अर्ज लिहून घ्यायला ती स्वतःच आली होती. मी लिहिले होते, दाराची कडी झिजली आहे, तरी बदलून मिळावी. त्या कागदावर मात्र असे होते: 'हे होते तोवर कडी रोज हेच लावायचे. आता मी एकदा यांची म्हणून लावते, काढते, मग माझी लावते.'

"हे मी बोलले होते?"

"हो. अर्जात बसलं नव्हतं," मुलगी म्हणाली.

आईने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी घड्याळाकडे पाहिले. मुलीने पाहिले नाही.

"घड्याळ काय बघता, मुन्शीजी? लिहा पुढे," आई म्हणाली.

"ठेव मोडायचे कारण काय लिहू? आजारपण लिहिले तर कोणी विचारत नाही."

"मी ठणठणीत आहे. खरं ते लिहा."

मी लिहिले, 'लेखन सीखने हेतु'. तीस वर्षांत तीन शब्द मला इतके जड गेले नव्हते. दोघींनी सह्या केल्या आणि चाराला वीस मिनिटे असताना ऑटो धरली. बँकेचे शटर अर्धे उतरले होते, असे मुलीने नंतर कळवले. वाकून आत गेल्या म्हणे.

आई आता मिसरोदलाच एका भाड्याच्या खोलीत राहते. मध्यंतरी भेटली. कडी नवी आहे, म्हणाली, अजून नीट लागते.

मुलगी विद्यापीठात गेली; तिची खुर्ची मी कोणाला दिलेली नाही. अर्ज मी समोरच्या दुकानातून टाइप करून आणतो. लोक अजूनही भलतेच सांगतात. मी सवयीने म्हणतो, हे अर्जात बसत नाही, आणि थोडा थांबतो. कोणी काही विचारत नाही. बिघडलेले कागद तेवढे तिच्या खणात कोरी बाजू वर करून ठेवतो. परवा त्यातला एक घेतला आणि 'महोदय' इतके लिहिले. पुढे मागणी काहीच नव्हती.