शेवटचा भाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आताही हात थांबतोय. सांगू? सांगतेच.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात तेव्हा पाण्याचा टँकर यायचा. यायचा दुपारी कधीतरी, पण हंडे सकाळपासून रांगेत. मी आणि शीतल, दहावीतल्या दोघी, हंड्यांपाशी बसून माझ्या वडिलांच्या फोनवर एक जपानी मालिका पाहायचो. लोक म्हणायचे, एवढ्या घोड्या झाल्या अन् कार्टून बघतात! मालिकेत समुद्रकाठच्या दोन मैत्रिणी होत्या. एक बोटीतून निघून जाते, दुसरी रोज धक्क्यावर घंटा वाजवते. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचून मी शीतलला मराठीत सांगायची. ती एकदा म्हणाली, "एवढं पानी, आन् पिता येत न्हाई? मग आपल्याला कावून दाखवतेत?" आम्ही इतक्या हसलो की हंडे पुढे सरकवायचे राहिले.

शेवटचा भाग दोघींनी मिळून पाहायचा असं ठरलं होतं. आणखीही एक ठरलं होतं — तिथे यायलाच मी घाबरतेय.

शीतलच्या घरचे दरवर्षी साखर कारखान्यावर ऊस तोडायला जात. तोडणीच्या नवरा-बायकोला आमच्याकडे कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिच्या मामाचा मुलगा असा अर्धा होता, आणि शीतलशी लग्न लावून त्याला पूर्ण करायचं घाटत होतं. शीतलला शिकायचं होतं. आमच्या शाळेतल्या मॅडमनी असं एक लग्न आधी थांबवलं होतं. शीतल म्हणाली, "लगीन ठरलं की आईच्या फोनवरून दोनदा रिंग देते. तू लगेच मॅडमला सांग. मला कुनी घराभायेर सोडनार न्हाई." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

रिंग आली तेव्हा मी घरात, फोनवर आधीच उतरवून घेतलेला शेवटचा भाग पाहत होते. हो, एकटीच. राहवलं नाही. ती मुलगी रिकाम्या धक्क्यावर उभी होती आणि मी हुंदके देत होते. पहिली रिंग कापली — दोन मिनिटं, एवढं संपू दे. दुसरीही कापली. मग फोन येऊच नये म्हणून विमानाचं चिन्हच दाबलं.

पण हेही एकवेळ बाजूला ठेवू. भाग संपला तेव्हा चांगलं ऊन होतं. मॅडमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी चपला घातल्या. मग आरशात सुजलेले डोळे दिसले. मॅडम विचारतील, का रडलीस? काय सांगणार होते — कार्टूनसाठी? एवढ्याशा लाजेनं मी चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं.

शीतलला सांगितलं, रेंज धड नव्हती, रिंग आल्याचं कळलंच नाही. तिला ते खरंच वाटलं. मग तिनं विचारलं, त्या दोघींचं शेवटी काय झालं? मी म्हणाले, तुझ्याशिवाय कशी पाहीन?

त्याला दहा वर्षं झाली. मी बीडला नोकरी करते. दरवर्षी कारखान्याला निघताना शीतल मला भेटून जाते. यंदा मुलीला घेऊन आली होती. तिला पुढे करून म्हणाली, "ही मावशी. माझ्यासाठी हिनं ते कार्टून अजून पुरं बघितलं न्हाई."

पोरगी माझ्याकडे कौतुकानं बघत राहिली. मी मान डोलावली.