हाताखाली बसलेली तलंग
भिजवलेल्या कोंड्याचा आंबूस वास आला की मला उमरेडचा बाजार आठवतो. नागपूरहून एसटीने मी तिथे तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, घ्यायला गेलो होतो. एका म्हातारीच्या डालग्यात सात होत्या. लालभडक तुऱ्याच्या एकीच्या पाठीवर हात ठेवला, तर ती पंख पसरून खालीच बसली. "हे तं बिमार आहे वं माय, बाकीच्याईलेही लागलं असंन," म्हणत मी तिला बाजूला काढलं आणि उरलेल्या सहांचा भाव पाडला. म्हातारी नुसती हसली. घरी पंधरा दिवस सहाही जणी दाणे टिपत राहिल्या, अंडं मात्र एकही नाही. "कोंबड्या आणल्या का पाहुण्या? या हप्त्यात अंडं नाही दिसलं तं रस्साच करतो मी," बायकोने बजावलं. मी तणतणत पुन्हा बाजारात गेलो. म्हातारीच्या डालग्यात तीच तलंग होती, पोटाखाली ताजं अंडं. "हात ठेवल्यावर बसली म्हणजे अंड्यावर आली गा. तुह्यावाल्याईचे तुरे अजून फिके असतीन, महिनाभर थांब." "मंग तवा काहून नाही सांगितलं?" "तू इचारलं कुठं? तू तं मलेच शिकवून राहिला होता!" तो एक महिना मिळवायला घरी जेवढी घासाघीस करावी लागली, तेवढी मी कुठल्याच बाजारात केली नव्हती. पुढे सहाही अंड्यावर आल्या. म्हातारीवरचा राग काही अजून गेलेला नाही. पण आज सकाळी खुराड्यात यंदा आणलेली एक तलंग माझ्या हाताखाली दबून बसली, आणि मी हसतच तिच्या टोपलीत नवं तणस अंथरलं.