टेकलेला पाय

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले, आणि त्यातही उजवा पहिला. साक्रीकडच्या आमच्या खेड्यांत अशा माणसाला भाव असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं पाठीला पाय लावायचा, मग उसण निघते म्हणतात. मला धड चालता येऊ लागलं तेव्हापासून माणसं माझ्याकडे पाठ करून उभी राहत आली. उजवा पाय लावायचा, आणि थोरामोठ्यांना पाय लागला म्हणून लगेच वाकून नमस्कार करायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. पायाळूनं दारात आलेल्याला परत पाठवलं तर त्याचाच पाय जायबंदी होतो, असं माय सांगायची. मी आजवर एकालाही परत पाठवलेलं नाही. पाय मात्र गेलाच.

शिकायला धुळ्याला आलो आणि फुटबॉलच्या नादी लागलो. आमचे सर थट्टेनं म्हणायचे, "पाय आधी का आले ते आता कळलं." त्यांनी मला मधल्या फळीत उभं केलं. मला गोल मारायची हौस होती, म्हणून मी तोंड पाडलं. तेव्हा त्यांनी आपल्या मोबाइलवर मला स्पेनचा एक खेळाडू दाखवला. वयानं माझ्याएवढाच, कुठल्याशा लहान गावातला, ट्रकवाल्याचा मुलगा. एका मोठ्या क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघात खेळत होता. फार पळायचा नाही, अंगानंही बेताचाच. पण चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून मागं बघून घ्यायचा, आणि चेंडू आला की जणू आधीच ठरलेलं असावं तसा पुढं धाडायचा. सर म्हणाले, "गोल करणाऱ्याचं नाव होतं, पण खेळ हा चालवतो." मला तो पटला. नुसता पटला नाही, तो माझाच झाला.

सरांची दुसरी शिकवण म्हणजे टेकलेला पाय. चेंडू उजव्यानं मारायचा, पण जीव डाव्यावर असतो. तो कुठं टेकलाय, गुडघा किती वाकलाय, यावर सगळं ठरतं. मैदानाच्या त्या टोकावरून ते ओरडायचे, "मारणारा पाय सगळे बघतात, तू टेकलेला बघ!" उन्हानं भाजून निघालेल्या त्या मैदानावर मी हे इतक्या वेळा ऐकलं की पुढं मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

मग पुण्याच्या एका क्लबच्या माणसानं माझा खेळ पाहिला आणि दिवाळीनंतर निवड चाचणीला यायला सांगितलं. आमच्या पट्ट्यातून तिथवर कुणी पोचल्याचं मला माहीत नव्हतं. मी हवेत होतो. त्याच सुमारास एका सामन्यात माझा डावा गुडघा पिळवटला. डॉक्टर म्हणाले, आतला बंध अर्धवट फाटलाय, पण भार दिला नाही तर ऑपरेशनशिवाय जुळेल, दिवाळीपर्यंत उभा राहशील. आणि योगायोग बघा, त्याच हंगामात माझ्या स्पेनवाल्याचाही गुडघा गेला. त्याचा बंध तर पुरताच तुटला होता, त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं. या एका बाबतीत मी त्याच्यापेक्षा नशीबवान होतो.

कुबड्या घेऊन घरी पडून राहिलो. पायाला पट्टा, उशाशी मोबाइल, आणि दिवाळी जवळ येत चाललेली. एका सकाळी आबा आले. आबा म्हणजे वडिलांचे काका, दोन घरं सोडून राहायचे. लहानपणी मला खांद्यावर बसवून साक्रीच्या बाजाराला न्यायचे, भजी खाऊ घालायचे. विहिरीतली मोटर वर ओढताना त्यांच्या पाठीत उसण भरली होती. भिंतीला धरत, कमरेत वाकून ते ओट्यापर्यंत आले.

"पाठमा उसण भरनी रे भो," ते म्हणाले. "पाय लाव."

मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, "लाव ना जरासा. तुना उजवा त बरा शे."

खरंच, उजवा बरा होता, आणि लावायचा तोच होता. मायला ते पटलेलं, आबांना पटलेलं, आणि मलाही पटलं. मी उठलो, कुबड्या भिंतीला टेकवल्या, आबांनी पाठ केली, आणि मी लहानपणापासून उचलत आलो तसा उजवा पाय उचलला. अंगाचा सगळा भार डाव्यावर गेला.

आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मी कोसळलो. पडता पडता पाय आबांच्या पाठीवर चांगलाच आदळला असणार, कारण आबा ताठ उभे राहिले, वळले, आणि मला उचलायला वाकलेसुद्धा. "निंघी गयी रे भो," ते आनंदानं म्हणाले, "बठ्ठी निंघी गयी!" मग त्यांना माझं तोंड दिसलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. ऑपरेशन झालं. गुडघा चालतो, पण वळत नाही, आणि मधल्या फळीतल्या माणसाला वळता आलं नाही तर त्यानं घरी बसावं. सरांनी हात टेकले. पुण्यावर मी पाणी सोडलं. आबांचा मला इतका राग आला की ते गल्लीत दिसले तरी डोक्यात तिडीक जायची. मायवर चिडायचो, जन्मावर चिडायचो. डोकं आधी आलं असतं तर ते वापरलं तरी असतं.

स्पेनवाला मात्र परतला. बदली म्हणून तो मैदानात आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. चेंडू यायच्या आधी त्यानं मान वळवून मागं पाहिलं, तस्संच. मी मोबाइल गोधडीत फेकून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. त्यानंतर त्यानं करंडक उचलले, देशाकडून खेळला, मग जरा लहान क्लबात गेला, मग त्याहून लहान. मी साक्रीत ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक नसलं की त्याला बघत राहिलो. माझ्या वाट्याची कारकीर्द तोच जगत होता म्हणा ना. दुसरी नव्हतीच माझ्याकडे.

परवा तो निवृत्त झाला. भर दुपारी दुकानात बसून मी ते पाहिलं. समोर माईक, शेजारी बायको-मुलं. गुडघा आता नाही म्हणतो, एवढंच बोलला आणि रडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, थांबतच नव्हते. मला त्याचा हेवा वाटला, तोही करंडकांचा नव्हे, त्या रडण्याचा. त्याचं काय संपलं ते जगाला ठाऊक होतं. माझं ओट्यावर संपलं, आणि तिथं दुसरा माणूस बरा झाल्याच्या आनंदात होता.

संध्याकाळी घरी गेलो तर माय म्हणाली, आबांची पाठ पुन्हा धरलीय, दोन दिवस अंथरुणावरून उठलेले नाहीत. आबा आता फार थकलेत. त्या सकाळनंतर त्यांनी मला कधीच पाय मागितला नाही. उसण भरली तर कण्हत पडायचे, पण आमच्या दाराशी यायचे नाहीत. ते दुखणं कसं अंगावर काढतात हे मला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं मी ते त्यांना काढू दिलं.

मी गेलो. आबा दाराजवळच, अंथरुणावर भिंतीशी बसले होते. मी म्हटलं, "आबा, वळा. पाय लावतो." दाराची चौकट धरून मी उजवा पाय उचलला.

आबांनी माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. अख्ख्या गावात त्या पायाकडे बघणारे ते पहिलेच.

"नको रे भो," ते म्हणाले. "पडी जाशी." आणि दुखत असतानाही त्यांनी पाठ मागं रेटून भिंतीला घट्ट लावून घेतली, मला पाय लावताच येऊ नये म्हणून.

मी पाय तसाच उचलून धरला होता. मग दोन्ही हातांनी चौकट धरून तो सावकाश खाली ठेवला.