रिकामी पुंगळी

नवरा गेल्यावर त्याचं रिव्हॉल्व्हर मी माझ्या नावावर करून घेतलं. सोलापुरात आमची टॉवेलच्या मागांची शेड. तिच्या जागेच्या वादातून शेजारच्या प्लॉटवाल्यानं त्याला भरदिवसा पहारीनं ठार मारलं, आणि वरच्या गॅलरीतून ते फक्त मी पाहिलं. पोलिसांना मी त्याचं नाव सांगितलं. कोर्टात बोट दाखवलं तरच तो आत जाणार होता. "हत्यार जवळ असू दे," असं जो तो सांगायचा. सोबत यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

चालवायला शिकवलं एका निवृत्त हवालदारांनी, विजापूर रोडच्या पलीकडल्या मैदानावर. रिव्हॉल्व्हर पर्समध्ये मावणारं. मला वाटलं, हलकं म्हणजे सोपं. पहिल्याच गोळीला मनगट असं उसळलं की मी शिवी हासडली.

हवालदार हसले. "ताई, काडतूस कमी जोराचंच हाय. पन हत्यारात वजनच न्हाय, मग धक्का कोन खानार? तुमचा हातच की! मूठ पार वर धरा. मनगट घट्ट, कोपर जरा सैल. चाप वडू नका, दाबत ऱ्हावा."

दर रविवारी जायची. अंगठ्याचं सालटं निघायचं थांबलं, पण गोळ्या नेमासाठी उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या खाली मातीतच जायच्या. मी काडतुसांना नावं ठेवायची. नाचता येईना, अंगण वाकडं.

एकदा हवालदारांनी मला न सांगता गोळ्यांच्या सहा घरांपैकी एकात उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घातली. तिसऱ्यांदा चाप दाबला, तर नुसतं 'खट्'. धक्का नाही, काही नाही, आणि तरी माझ्या हातानं नळी खाली झुकवली होती. डोळेही मिटले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बगितलंत? गोळी सुटलीच न्हाय," ते म्हणाले. "धक्का यायच्या आदीच तुमी हात खाली टाकला."

पुढे महिनोन्महिने ते असंच करत राहिले. हळूहळू हात बसला.

मग साक्षीची तारीख आली. कोर्टात हत्यार नेता येत नाही, ते मी कपाटात ठेवून गेले. तो प्लॉटवाला समोर बसला होता. त्यानं धमकी दिली नाही, खूण केली नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावून माझ्याकडे पाहिलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "मारणारा माणूस इथे हजर आहे का?"

"चेहरा नीट दिसला नव्हता," मी म्हणाले.

तो सुटला. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तो रोज सकाळी शेडवरून जाताना मला "नमस्कार वहिनी" म्हणतो. मीही हात जोडते. या हातांची मला किळस येते.

रविवार चुकवत नाही. हवालदारांना साक्षीचं काही सांगितलेलं नाही. परवा पाचही गोळ्या पुठ्ठ्याच्या मधोमध बसल्या, आणि रिकाम्या पुंगळीला हात जागचा हलला नाही.

"आता कुनाला भ्यायचं कारन न्हाय, ताई," ते म्हणाले.

मी रिव्हॉल्व्हर उघडून पुंगळ्या मातीत पाडल्या, आणि खाली बसून त्या वेचू लागले.