आग्र्याला जाऊन आलेला निरोप

मिलिंद गेला त्याच्या आदल्या रविवारी मी त्याच्याशी भांडून आले होते. गुरुग्रामच्या त्याच्या फ्लॅटवर भरली वांगी घेऊन गेले, ती त्याने मिटक्या मारत खाल्ली आणि मग नेहमीचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला. आता तरी तो पीएचडीचा प्रबंध देऊन टाक, म्हटलं. पन्नाशी उलटलेल्या भावाला अभ्यासावरून बोलावं लागणं शोभत नाही, पण त्याने मला दुसरा मार्गच ठेवला नव्हता. तो म्हणाला, वांग्यात गूळ जास्त झालाय. मी डबा उचलला आणि निघाले. पुढच्या शनिवारी सकाळी त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. झोपेतच हृदय थांबलं होतं... महिना उलटून गेला. दुःख आहेच, पण राग काही केल्या जात नाही.

साताऱ्याहून तो दिल्लीत आला तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. मी मंत्रालयात नोकरीला, आमचे हेही केंद्र सरकारातच. मिलिंदने मुनिरक्यात खोली घेतली आणि पीएचडी सुरू केली. ते दिवस असे होते की ज्याला त्याला गाडी हवी होती. गुडगावला शेतांच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या, याच्याबरोबर शिकलेली मुलं तिथल्या कंपन्यांत लागून हप्त्यांवर गाड्या घेत होती. आमच्या बंधुराजांना त्या गाड्यांकडे बघून एकच सुचलं, की यांच्याकडून निरोप पोचवून घ्यावेत. तेव्हा मोबाइलचे टॉवर आजच्यासारखे जागोजागी नव्हते. रस्त्यात मधेच अपघात झाला तर त्याची खबर जाणाऱ्या गाडीतल्या यंत्राने घ्यायची, दुसरी गाडी भेटेपर्यंत सांभाळायची, बिनतारी तिच्या हवाली करायची, असं करत ती इस्पितळापर्यंत न्यायची. यात वेळ फार जातो. तो कमी कसा करायचा, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. मग त्याने आमची मारुती मागितली.

नुसती गाडी नाही, चालवायला मीसुद्धा. माझ्या सीटखाली एक खोका, टपावर चिकटपट्टीने बसवलेली अँटेना, आणि दर रविवारी धौला कुआँपासून गुडगावपर्यंत जा-ये. हा स्वतः तसलाच दुसरा खोका मांडीवर घेऊन बसमध्ये. वेग वाढवायचा नाही, मधे थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, अशा सूचना. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. आठवडाभर फायली उपसून मिळणारा एक रविवार मी याच्या निरोपांवर ओवाळून टाकला, आणि त्यातून याने शोधलं काय, तर निरोप सर्वांत जोरात पळणाऱ्या गाडीला देऊ नये, प्रत्येक स्टॉपवर रखडणाऱ्या बसला द्यावा. पळणारी गाडी कुणाला भेटत नाही, बस सगळ्यांना भेटते. त्याच्या मार्गदर्शकांनासुद्धा हे आवडलं होतं. प्रबंध जवळजवळ झाला होता. एका कॉलेजात शिकवायची जागाही त्याच्यासाठी ठेवली होती, फक्त पदवी हातात यायची खोटी.

तेवढ्यात माझ्या सासूबाई आल्या. दिल्लीतल्या मराठी घराला हे सांगायला नको: गावाकडून कुणीही आलं की आग्रा-मथुरा दाखवावंच लागतं, त्यातून सुटका नाही. रविवारच्या फेरीत चाचणीचा एक निरोप माझ्या गाडीने घेतला होता, पण मिलिंदची बस काही भेटली नाही. गाडी तशीच घरी आली. सोमवारी सकाळी आमचे हे आईला घेऊन त्याच गाडीने आग्र्याला गेले, तिथून मथुरा, वृंदावन, आणि सासूबाईंना यमुनेचा घाट आवडला म्हणून आणखी मुक्काम. सीटखालच्या खोक्याची कुणाला आठवणच नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या रस्त्याला लागले तेव्हा तो निरोप निमूटपणे मिलिंदच्या बसला मिळाला. मिनिटांत पोचायचा तो आठवड्याने पोचला, आणि मिलिंदने तो हिशोबात धरला.

सगळी सरासरी बिघडली. त्याचे मार्गदर्शक खरं तर भले गृहस्थ, मला फोन करून म्हणाले, "बहनजी, आप ही समझाइए, एक मैसेज निकाल दे बस।" बाकीचे संशोधक तेच करत होते. ठरावीक वेळेत न पोचलेला निरोप मोजायचाच नाही, मग उरलेल्यांची सरासरी देखणी दिसते. मी त्याला घरी बोलावलं, जेवू घातलं, समजावलं. अरे, सासूबाई काय रोज आग्र्याला जाणार आहेत का? तो शांतपणे ताक पीत होता.

"ताई, निरोपाला काय माहीत, दाजी कुठे गेले ते?" तो म्हणाला. "ज्याचा अपघात झालाय तो रस्त्यावर पडूनच आहे ना. जो पोचलाच नाही त्याला उशीर झाला नाही, असं कसं म्हणायचं?"

त्याचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच मी जास्त चिडले. पुढे त्याने उलटंच केलं, कधीच न पोचलेले सगळे निरोपही मोजायला घेतले. आकडे आणखी वाईट झाले. मार्गदर्शक कंटाळले, प्रबंध तसाच पडून राहिला, कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली. मिलिंद गुडगावच्या कंपनीत लागला, पैसे बरे मिळवले, पण शिकवायला मिळालं नाही याची खंत त्याला होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पोरं भेटली की फळ्याशिवायच शिकवायला लागायचा. आणि हे सगळं एका निरोपापायी. एवढं खरं वागायला त्याला कुणी सांगितलं होतं?

तो गेल्यावर फोन करायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांत ग्रुपवर सगळीकडे कळलं, हे म्हणाले, झालं, आता बस कर. पण मला बसवेना. कुणाला कळलं यात माझं लक्षच लागत नव्हतं, कुणाला कळलं नाही तेवढंच डोक्यात फिरत होतं. मुनिरक्यात त्याची घरमालकीण होती, संतोष आंटी. त्याच्या तापात तिने उशाशी बसून मुगाची खिचडी भरवली होती, दर दिवाळीला तो तिच्याकडे मिठाई घेऊन जायचा. तिचा नंबर काही त्याच्या फोनमध्ये सापडला नाही. मी मेट्रोने तिथे गेले. गेल्या दिवाळीनंतर घर विकून ती मुलाकडे गेली म्हणे, नजफगढकडे कुठेतरी. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीत उभी राहून मी रडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मुनिरक्यात स्पर्धा परीक्षांसाठी राहणारी आपली मुलं पुष्कळ आहेत, त्यांतली काही हा लेख वाचतील. नजफगढच्या बाजूला जाणारं कुणी भेटलं तर त्यांनी एवढं सांगावं, की साताऱ्याचा मिलिंद गेला, आणि आंटीला कळवायचं राहिलंय. ते पुढे सांगतील, पुढचे आणखी पुढे. येत्या दिवाळीला ती मिठाईची वाट बघत बसेल. त्याच्या आत पोचलं तर बरं. नाही पोचलं, तरी मी ते मोजत राहणार आहे.