उस्तादांना कोण सांगणार?

जुना डक्ट उघडला की आत काय काय निघतं, ते एकदा येऊन बघा. धूळ तर असतेच. पण चिमण्यांची घरटी, पोरांचे चेंडू, लग्नाच्या पत्रिका, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळी निघाली! वर्षानुवर्षं कुणी हात घातलेला नसतो, त्यामुळं पडेल ते तिथंच साठत जातं. आमच्या किश्शांचंही तसंच झालंय. तीन माणसं इतकी वर्षं एकत्र काम करतात म्हटल्यावर दुसरं काय होणार?

तिघं म्हणजे मी विलास, फुलंब्रीहून रोज येणारा कडूबा आणि आमचे उस्ताद सलीमभाई. आमच्या छत्रपती संभाजीनगरचा उन्हाळा कसा असतो ते मी सांगायला नको. मोठ्या बंगल्यांत, कार्यालयांत एकच भलामोठा कूलर बाहेर बसवतात आणि त्याची हवा पत्र्याच्या चौकोनी बोगद्यांतून खोल्याखोल्यांत नेतात. तो बोगदा म्हणजे डक्ट. पंधरा-वीस वर्षांत तो सडतो. आम्ही सडका काढतो आणि नवा बसवतो.

हे किस्से मित्रांत सांगितले की लोक पोट धरून हसतात. मीही हसायचो. आताशा मध्येच अडकतो. कारण यातल्या निम्म्या किश्शांच्या वेळी मला उस्तादांना एक गोष्ट सांगायची होती. ‘उस्ताद, आता बस करा, घरी आराम करा.’ एवढंच! आणि ते सांगणं मी पुढं ढकलत होतो.

* * *

मी आयटीआय करून नवा नवा आलो होतो. खिशात टेप, कानावर पेन्सिल, डोक्यात हवा. उस्ताद मात्र वितीनं मोजायचे. चार विती, तीन बोटं, झालं माप!

पहिल्याच आठवड्यात मी टेपनं मोजून, कागदावर आकृती काढून एक पीस तयार केला. भिंतीच्या भोकात काही केल्या जाईना. दोनदा काढला, दोनदा ठोकला. शेवटी वैतागून टेप फेकून दिला.

उस्तादांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "टेप सीधी हाय रे. भिंत वाकडी हाय. टेपला कायको शिव्या देतो?"

मग त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, पत्र्याला कातर लावली आणि पुढच्या दहा मिनिटांत पीस भोकात सरकला. मी विचारलं, कसं काय कळलं? म्हणाले, "भिंतीला हात लाव. गवंड्याचा त्या दिवशी मूड कसा होता, ते पण कळतं!"

पुढं दुकान माझ्या नावानं निघालं, कारण उस्तादांना कोटेशनं लिहायचा भारी कंटाळा. उद्घाटनाच्या दिवशी पेढा तोंडात टाकता टाकता ते म्हणाले, "एक शर्त हाय. माझा हात चालंना झाला, की तू सांगायचं. माझ्या समोर बसून. मला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नक्को."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "सांगीन की!" तेव्हा त्यांची पन्नाशी होती. ती वेळ कधी येईल असं कुणाला वाटतं?

* * *

चितेगावच्या अलीकडं एक मंगल कार्यालय आहे. तिथला डक्ट बदलायचा होता. मॅनेजर म्हणाला, हवा कमी येते, फॅन बदला. उस्तादांनी जाळीपाशी नाक नेलं आणि म्हणाले, "फॅन ठीक हाय. आत कायतरी पिकलंय."

जाळी काढली आणि कडूबाच्या डोक्यावर तांदूळ कोसळले. साधे नाहीत, हळद-कुंकवाचे! कार्यालय सुरू झाल्यापासून स्टेजवर जेवढी लग्नं लागली, त्यांतल्या चिमूटभर चिमूटभर अक्षता हवा ओढणाऱ्या जाळीतून आत गेल्या होत्या. वर उंदरांची तीन-चार कुटुंबं सुखानं नांदत होती.

कडूबा तेव्हा पस्तिशीला आलेला. घरची चार एकर जमीन होती, पण लग्न काही जमत नव्हतं. अंगावरचे तांदूळ झटकत तो म्हणाला, "एवढ्या अक्षता पडल्या माझ्यावर, आन् नवरी कुठंय वो?"

मॅनेजर हसून हसून खाली बसला. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी कडूबाच्या केसांतला एक तांदूळ काढला आणि म्हणाले, "येईल. तुझी पण येईल." पुढच्या वर्षी खरंच आली. स्थळ उस्तादांनीच काढलं होतं, त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नात्यातलं. लग्नात कडूबाच्या आईनं सगळ्यांत आधी उस्तादांना टोपी-टॉवेल दिला.

* * *

रमजानचा महिना. उस्तादांचा रोजा. उन्हाळा तोंडावर आलेला, म्हणजे आमचा सीझन. एका वकिलांच्या घरी काम चाललं होतं.

उस्तादांसमोर खायचं नाही, हा कडूबाचा नियम. त्यांनी शंभरदा सांगितलं होतं, "अरे खा ना, मला काय फरक पडत नाय." पण कडूबा ऐकेल तर शपथ! त्या दिवशी तो डबा घेऊन गच्चीवर गेला आणि उस्तादांना दिसू नये म्हणून कूलरच्या मागं दडून बसला. डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा.

खाली मी टेस्टिंगसाठी कूलर चालू केला.

दोन मिनिटांत घरभर ठेच्याचा वास! हॉलमध्ये ठेचा, बेडरूममध्ये ठेचा, देवघरात ठेचा. वकीलसाहेबांचे पक्षकार नाकाला रुमाल लावून बाहेर आले. उस्तादांनी जिन्यात उभं राहून हाक मारली, "कडूबा! भायेर ये बाबा. तू एकटा खातोय, आन् पूऱ्या मोहल्ल्याला भूक लागलीय!"

कडूबा अर्धी भाकरी हातात घेऊन खाली आला. तोंड एवढंसं झालं होतं. उस्तादांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि उरलेली भाकरी समोर बसून संपवायला लावली.

* * *

इथून पुढचे किस्से मी जरा सांभाळून सांगतो.

सोयगावला एका डॉक्टरांच्या घरी काम होतं. गाव लांब, पत्रा मोजकाच नेलेला. उस्तादांनी पीस कापला तो दोन बोटं आखूड. असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. दुपारी ते कडुलिंबाखाली आडवे झाले, तेव्हा मी आणि कडूबानं गुपचूप दुसरा पत्रा घेतला, टेप लावून नीट कापला आणि त्यांच्या जागेवर ठेवून दिला. आखूड पीस गाडीत ताडपत्रीखाली लपवला.

उस्ताद उठले, तोंड धुतलं, पीस उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. आम्ही दोघं उगाच रिव्हेट मोजत बसलो होतो.

"क्या बात हाय," ते म्हणाले. "एवढा सीधा काट तर मी जवानीत पण मारला नाय!"

आम्ही तिघंही हसलो. मोठ्यानं हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. ते समोर बसलेले होते, विषय त्यांनीच काढून दिला होता. मी काय केलं? "चहा घेता का उस्ताद?" असं विचारलं.

* * *

मग एकदा त्यांची मुलगी शबाना दुकानावर आली. शाळेत शिक्षिका आहे. उस्ताद नसताना मुद्दाम आली होती. "विलासभाऊ, अब्बा गेल्या आठवड्यात शिडीवरून घसरले. तुम्हाला सांगितलं का त्यांनी?" नव्हतं सांगितलं. "नजर कमी झालीय. डॉक्टर म्हणतात, आता एवढीच राहणार. आम्ही बोललो की चिडतात. तुम्ही सांगा. तुमचं ते ऐकतील."

मी शब्द दिला. ईदला घरी गेलो की सांगतो म्हटलं. रस्ताभर वाक्यं पाठ केली. ‘उस्ताद, तुम्ही दुकानावर येऊन बसा, फक्त बसा, नवीन कारागिरांना शिकवा.’ कडूबाला दोनदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "बराबर हाय भाऊ. फकस्त मधी थांबू नका."

घरी गेलो. शिरखुर्मा आला. एक वाटी झाली, दुसरी झाली. शबाना दारातून माझ्याकडं बघत होती. उस्ताद नव्या पांढऱ्या कुर्त्यात, अत्तर लावून, इतके खुशीत! शेजाऱ्याला बोलावून म्हणाले, "हा विलास. माझा शागीर्द. आता मालक हाय, पण मला विचारल्याबिगर पत्र्याला हात लावत नाय."

तिसरी वाटी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तू कायतरी सांगायला आलता का रे?"

"हो उस्ताद," मी म्हणालो. "सोमवारी नवीन काम आहे. तयार राहा."

शबाना आत निघून गेली. पुढं महिनाभर मी तिचा फोन उचलला नाही.

* * *

ते सोमवारचं काम म्हणजे डोंगराच्या बाजूचा एक जुना बंगला. प्लॉट उतारावर, त्यामुळं घर खांबांवर उचललेलं आणि फरशीखाली जेमतेम अडीच फुटांची पोकळी. डक्ट त्या पोकळीतून नेलेला आणि हवेच्या जाळ्या थेट फरशीत. आमच्याकडं असं घर विरळच. सगळ्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती.

दार उघडताच मालकीणबाई म्हणाल्या, "सलीमभाई ना? तुम्हीच बसवलं होतं हे. आमचे हे म्हणायचे, बदलायची वेळ आली तर त्याच माणसाला बोलवा."

उस्तादांना ते आठवत नव्हतं. पण आम्ही पहिला सडका तुकडा बाहेर ओढला, तेव्हा त्यांनी तो उन्हात धरला, कोपऱ्याची दुमड बोटानं चाचपली आणि एकदम म्हणाले, "व्हय, माझाच हाय!" हरवलेलं मूल सापडावं तसे खूश झाले. त्यांनी तो तुकडा फेकू दिला नाही, पुसून ओट्यावर ठेवला.

खाली सरपटत जाणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. म्हणून ते वर हॉलमध्ये पाटावर बसून फरशीतल्या जाळ्या बसवत होते, आणि मी आणि कडूबा खाली. पोत्यावर पाठ टेकून, बॅटरी तोंडात धरून, एकेक पीस पुढं सरकवायचा. नाकातोंडात माती, मानेवर मुंग्या. तीन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलकडचा शेवटचा जोड बसला. फक्त कूलरकडचं तोंड उघडं होतं. त्या तोंडाशीच आम्ही दोघं डोकी टेकवून दम खात पडलो.

कडूबा म्हणाला, "भाऊ, आज तरी सांगा त्यांला. सकाळी स्क्रू लावताना हात लई थरथरत व्हता. मला बघवंना."

मी दमलो होतो, घामानं डोळे चुरचुरत होते. आणि खरं म्हणजे मला माझीच चीड आली होती. ती दुसरीकडंच निघाली.

"सांगतो रे! सारखं काय तेच? मला काय हौस आहे? पण खरं सांगू का, त्यांचा आता काडीचा उपयोग राहिलेला नाही. एक काम ते करतात, दोन आपण निस्तरतो. दया येते म्हणून सोबत आणतो. नाहीतर कधीच घरी बसवलं असतं."

मला थोडं हलकं वाटलं. हे सांगायला आज लाज वाटते, पण वाटलं खरं. इतके दिवस न निघालेलं वाक्य एकदाचं तोंडातून निघालं होतं.

तेवढ्यात माझ्या कानाशी, डक्टच्या त्या उघड्या तोंडातून, अगदी शेजारी बसून बोलावं तसा उस्तादांचा आवाज आला.

"विलास, शेवटचा जोड पण पक्का बसला रे. एक लफ्ज कुठं गळाला नाय. या आता भायेर, चाय थंडी व्हतीय."