शिवण्णाचं थँक्यू

हे एकोणीसशे शहात्तर साल, माझं वय बासष्ट. गेल्या महिन्यात शिवण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी त्यालाच दवाखान्यात न्यायला सायकलीत हवा भरत होतो. पंप हातात तसाच राहिला... तेव्हापासून मला चैन नाही, आणि ती घालवली एका शब्दानं.

आम्ही दोघं एकाच मिलमध्ये, शेजारशेजारच्या मागांवर म्हातारे झालो. तो मूळचा कुंभारी गावचा, घरात कन्नड. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण बोलण्यात मी कुणाला हार गेलो नाही. अर्धांगवायूनं त्याचा पाय गेला, तसं मी त्याला कॅरेजवर बसवून सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात नेऊ लागलो.

"हळू की मारुती, मागं पोतं घेतलंयस व्हय?"

"पोतं बरं. गप तरी बसतं."

शेवटच्या खेपेला त्याच्या दारात उतरवला, तर माझा हात धरून म्हणाला, "थँक्यू." मी म्हटलं, "परक्याला म्हण जा ते," आणि सायकल वळवली. चूक माझी नव्हती, अजून म्हणतो. भाकरी वाढणाऱ्या आईचे कुणी आभार मानतं का? पण सगळी उमर बरोबर काढून शेवटी त्यानं मला परका का केला... हे डोक्यातून हलेना.

परवा गल्लीतल्या इंग्रजीच्या मास्तरांना गाठलं. शब्द ठाऊक होता, ऑफिसात, दुकानात ऐकतोच की. मला त्याचं मूळ हवं होतं. त्यांनी जाडा कोश उघडला. "काका, इंग्रजीत विचार करण्याला जो शब्द आहे, त्याच्याच कुळातला हा. आधी अर्थ नुसता मनातला विचार. मग कुणाबद्दल मनात धरलेली चांगली भावना. आभार त्याच्याही नंतर."

"शिवण्णाला हे ठाऊक असंल?"

"नसावं."

मग मला काय उपयोग? उठलो, तडक त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, गौरा वहिनी, शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच विचारलं, "वहिनी, तो घरात थँक्यू म्हणायचा?"

"म्हणायचे की. पाय गेल्यापासनं, अंघोळ घातली की म्हणायचे. मी लई चिडले, म्हटलं मी काय नर्स हाय? तर म्हणाले, 'कन्नडात म्हणायला तोंड उघडत न्हाय. मराठीत म्हटलं तर मारुती सायकलवरनं ढकलून दील. इंग्रजी आपल्यात कुणाचीच न्हाय, म्हणून तितं बोलून घेतो.'" त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. "बसा की भावजी."

बसलो. शेंगा फोडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून कुंभारीला गेलो. त्यांच्यात पुरतात, शिवण्णाला त्याच्या गावीच पुरलं होतं. माती अजून बसलेली नव्हती. पलीकडं एक बाई शेळ्या हाकत होती, ती लांब जाईपर्यंत थांबलो. मग म्हटलं, "मराठीतच म्हणायचं व्हतं. ढकललं नसतं रं तुला."